चोथा कुठे गेला?

मागच्या वर्षी बाबांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना "सध्या पातळ आहार ठेवा" असं सांगितलं होतं आणि ते खातं मी आपणहून अंगावर घेतलं. लॅपटॉप ओट्याशेजारी आणून ठेवला. दुधी, गाजर, टोमॅटो, मूठभर मूगडाळ, आलं, दोन मिरे असं सगळं कुकरला लावायचं, चार शिट्ट्या काढायच्या आणि मग चहाच्या गाळणीतून नीट गाळून वाडगाभर गरमागरम सूप. दिवसातून चार वेळा. बाबा काही न बोलता प्यायचे आणि "पोट भरलं रे" म्हणून वाडगा खाली ठेवायचे. मला वाटायचं, वा! काय सेवा चालली आहे आपली.

तीन आठवड्यांनी तपासणीला गेलो. बाबांचं वजन ६२ किलोवरून ५७ वर आलेलं. काटा बिघडलाय असं वाटून मी त्यांना पुन्हा उभं केलं. ५७च.

तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाळून देता का?"

"हो, अगदी बारीक गाळणीनं," मी अभिमानानं म्हणालो.

"मग चोथा कुठे जातो?"

चोथा मी खात होतो. कांद्यावर परतून, तिखट-मीठ घालून, पोळीबरोबर. फार चविष्ट लागायचा. त्या तीन आठवड्यांत माझं वजन दीड किलोनं वाढलं होतं.

बाई रागावल्या नाहीत, हेच जास्त लागलं. पहिले थोडे दिवस गाळून देणं ठीक होतं, पण पुढे घट्ट करत न्यायला हवं होतं, एवढंच त्या म्हणाल्या. घरी आल्यावर डोक्यात एकच किडा वळवळत होता. मी तर मी, पण "सूप म्हणजे ताकद" हे आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात इतकं घट्ट कुठून बसलं? मग पुढचे कितीतरी शनिवार-रविवार हाच उद्योग केला. निघालं असं, की मी केलेला घोटाळा माझ्याआधी बऱ्याच मोठमोठ्या लोकांनी केलेला आहे, आणि तोही हॉस्पिटलं आणि गावंच्या गावं जेवू घालताना. थोडं बरं वाटलं. पण थोडंच.

आधी शब्दाबद्दल. आपल्याकडे सूप म्हणजे धान्य पाखडायचं. संस्कृतातला 'सूप' मात्र शिजवलेल्या डाळीचा पदार्थ, म्हणजे आपल्या वरणाचा पूर्वज. म्हणून स्वयंपाक्याला सूपकार आणि पाककलेला सूपशास्त्र. इंग्रजी सूपचा या दोन्हींशी संबंध नाही. तो शब्द युरोपातल्या रश्शात भिजवलेल्या पावावरून आला. म्हणजे मुळात तिकडेही सूप हे नुसतं पाणी नव्हतं, त्यात खायचं काहीतरी होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता इतिहास. सुरुवात करू या कुकरपासून. १६७९ साली दनी पापँ या फ्रेंच संशोधकानं लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर एक जाड लोखंडी भांडं मांडलं. घट्ट झाकण, आत वाफेचा दाब, आणि भांडं फुटू नये म्हणून वाफ सोडणारी झडप (आपली शिट्टी!). भांड्याचं नाव 'डायजेस्टर', म्हणजे पचवणारं. हाडं मऊ करणं हे त्याचं मुख्य काम. १६८२च्या एप्रिलमध्ये सोसायटीच्या सभासदांना त्यात शिजवलेलं जेवण वाढलं गेलं. जॉन एव्हलिननं रोजनिशीत लिहून ठेवलंय, की बैलाची आणि मेंढीची टणक हाडं चीजसारखी मऊ झाली होती. त्यानं त्यातली थोडी जेली बायकोसाठी घरीसुद्धा नेली. जे कुत्र्यापुढे टाकायचं त्यातून माणसाचं अन्न निघतंय, तेही जवळजवळ फुकट! इथून पुढे दोनशे वर्षं युरोपातल्या हुशार माणसांना या कल्पनेनं झपाटलेलं दिसतं.

कल्पना थोडक्यात अशी. अन्नात एक 'सत्त्व' असतं. उकळलं की ते पाण्यात उतरतं. ते पाणी घ्यायचं, उरलेला चोथा फेकायचा. आमच्या भाषेत सांगायचं तर अन्नाची झिप फाईल. पॅरिसमध्ये 'रेस्तोराँ' हा शब्द आधी हॉटेलचा नव्हताच, तो ताकद परत आणणाऱ्या मांसाच्या रश्शाचा होता. १७६०च्या दशकात हा रस्सा विकणारी दुकानं निघाली. नाजूक प्रकृतीचे लोक तिथे बसून कप कप रस्सा पीत. दुकानाला पदार्थाचं नाव चिकटलं ते आजतागायत. म्हणजे जगातलं प्रत्येक रेस्टॉरंट हे मुळात आजाऱ्याचं सूप आहे.

श्रीमंतांनी कपभर रस्सा प्यावा, बिघडत काही नाही. घरी जाऊन ते जेवतातच. गडबड होते ती हेच सत्त्व गरिबाचं पूर्ण जेवण म्हणून वाढायला लागल्यावर.

दार्से नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं हाडांतून जिलेटिन काढायची पद्धत बसवली. जिलेटिन हा प्राणिज पदार्थ, मांसही प्राणिज पदार्थ, म्हणजे जिलेटिनचं सूप हे मांसाइतकंच पौष्टिक, असा एकूण हिशोब. १८२९पासून पॅरिसच्या सेंट लुई हॉस्पिटलात हाडांचं हे सूप मोठ्या प्रमाणावर शिजायला लागलं. खर्च कमी, त्यामुळे व्यवस्थापन खूश. पण दोनच वर्षांत तक्रारी सुरू झाल्या. आल्फ्रेद दोने नावाच्या डॉक्टरनं १८३१ साली स्वतःवरच प्रयोग केला. काही दिवस जिलेटिनवर राहून पाहिलं, तर भूक भागेना आणि वजन घटलं. (बाबांनी हेच केलं होतं, फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं.)

मग फ्रेंच विज्ञान अकादमीनं समिती नेमली. प्रमुख फ्रान्स्वा माजँदी. सरकारी समित्यांच्या परंपरेला जागून तिनं दहा वर्षं घेतली. पण काम पक्कं केलं. १८४१चा अहवाल सांगतो, की निव्वळ जिलेटिन कुत्र्यांना दिलं तर थोड्याच दिवसांत ती त्याला तोंड लावेनाशी होतात आणि खंगत जातात. का, ते माजँदीला सांगता येत नव्हतं. आपल्याला आज येतं. शरीराला बाहेरूनच मिळवावी लागतात अशी काही अमिनो आम्लं आहेत. त्यातलं ट्रिप्टोफॅन हॉपकिन्स आणि कोल यांनी १९०१ साली वेगळं काढलं. जिलेटिनमध्ये ते अजिबात नसतं. प्रोटीन आहे, पण अपुरं. एक फाईल गहाळ असली की सगळा प्रोग्रॅम अडतो, तसला प्रकार.

आता वाटेल, चला, धडा घेतला असेल. छे! १८४७ साली युस्टुस फॉन लीबिग या त्या काळच्या सगळ्यात गाजलेल्या रसायनशास्त्रज्ञानं मांसाचा अर्क काढायची कृती छापली. १८६५ साली त्याच्या नावानं लंडनमध्ये कंपनी निघाली आणि उरुग्वेतल्या फ्राय बेंतोसला कारखाना सुरू झाला. तिकडे गुरं कातड्यासाठी मारत, मांस वाया जाई. त्यातल्या सुमारे ३० किलो मांसाचा एक किलो काळसर, घट्ट अर्क होई. ३० किलोची ताकद एका बरणीत! युरोपभर आजाऱ्यांच्या उशाशी ती बरणी दिसायला लागली. पण चरबी काढलेली, प्रोटीनचा बहुतेक भाग गाळात गेलेला. उरलं काय? क्षार, चव आणि वास. डॉक्टरांनी टीका केल्यावर खुद्द लीबिगही हळूहळू मागे आला आणि अर्काची तुलना चहा-कॉफीशी करायला लागला. म्हणजे तरतरी येते, पोषण नाही.

हे आधीच ओळखलेली एक बाई होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल. १८५९च्या तिच्या शुश्रूषेवरच्या पुस्तकात ती सांगते, की आजाऱ्याला देतात तो मांसाचा काढा आटवून बघा, अर्ध्या पाइंट पाण्यात जेमतेम चमचाभर काहीतरी उरतं. पण ती पुढे असंही म्हणते, की तरी त्यात काहीतरी बरं वाटण्यासारखं आहे, हेही खरं. तिचं हे दोन्ही बाजू मांडणं मला फार आवडलं.

आटवून बघा म्हटल्यावर मी बघितलं. बाबांना द्यायचो तसंच सूप केलं, गाळलं, एक वाडगा कढईत मंद आचेवर आटवला. खाली उरला एक चमचा तपकिरी चिकटा. चाखला तर बराचसा मीठच. कढईही खालून लागली, त्यावरून घरात जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. पण त्या चमच्याकडे बघताना पोटात कालवल्यासारखं झालं. दिवसाला असे चार चमचे. ऑपरेशन झालेल्या माणसाला. एकवीस दिवस.

मग ते इतकं ताकदीचं का लागतं? याचं उत्तर जपानमधून आलं. १९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदानं कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळाच्या रश्शातून ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्या चवीला 'उमामी' नाव दिलं. मांस, टोमॅटो, मशरूम यांच्या रश्शाला हीच चव असते आणि ती बहुतेक वेळा प्रोटीनच्या सोबतीनं येते. त्यामुळे जिभेला वाटतं, आता भरभक्कम काहीतरी येतंय. गाळलेल्या सूपात चव येते, पण मागून येणारं कुणी नसतं. वरातीपुढचा बँड आला आणि वरात आलीच नाही!

ही झाली सूपची एक वंशावळ, गाळणीवाली. दुसरी पण आहे, चोथ्यासकटवाली. तिचा नायक भन्नाट आहे. बेंजामिन थॉम्पसन, अमेरिकेत जन्मलेला, बव्हेरियाच्या इलेक्टरच्या पदरी राहून काउंट रमफर्ड झालेला. तोफांना भोकं पाडताना उष्णतेचा अभ्यास करणारा तोच हा. १ जानेवारी १७९० रोजी त्यानं म्युनिकमधले भिकारी गोळा करायला लावले, त्यांना कामाला लावलं आणि रोज सूप द्यायला सुरुवात केली. बार्ली, वाटाणे, पुढे बटाटे, व्हिनेगर, मीठ आणि शिळ्या पावाचे तुकडे. लोकांना बटाट्याचा तिटकारा, म्हणून सुरुवातीला तो ओळखू येणार नाही इतका शिजवून घालत. पाव मात्र शेवटी घालायचा, म्हणजे तो कडक राहतो, चावावा लागतो आणि जेवल्याचं समाधान जास्त वेळ टिकतं.

गंमत म्हणजे रमफर्डचा सिद्धांत साफ चुकीचा होता. शिजवताना पाण्याचंच अन्न होतं, असं त्याला वाटायचं! पण सूप चांगलं होतं, कारण बार्लीत जे अमिनो आम्ल कमी ते वाटाण्यात भरपूर. थोडक्यात वरण-भात. थिअरी चूक, कोड बरोबर. आमच्या धंद्यात असं बरेचदा होतं.

पण 'पाणीच पोसतं' ही समजूत किती महागात पडू शकते, ते आयर्लंडमध्ये दिसलं. बटाट्याचं पीक कुजून तिथे भयंकर दुष्काळ पडला होता. १८४७च्या एप्रिलमध्ये लंडनच्या रिफॉर्म क्लबचा नामांकित शेफ अलेक्सिस सोये यानं डब्लिनला सार्वजनिक सूपगृह उघडलं. घंटा वाजली की १०० जण आत, साखळीनं बांधलेले चमचे, पुन्हा घंटा, पुढचे १००. उद्घाटनाला प्रतिष्ठित मंडळी पाच शिलिंग देऊन हे बघायला आली होती. त्याची एक कृती छापील मिळते. दोन गॅलन पाण्याला पाव पौंड मांस, दोन औंस चरबी, अर्धा पौंड पीठ, अर्धा पौंड बार्ली, थोडे कांदे, मीठ, चिमूटभर साखर. हे असलं एक जेवण आणि एक बिस्किट धडधाकट माणसाला दिवसभर पुरेल, असा त्याचा दावा.

मी एक्सेल उघडून बसलो. आजच्या तक्त्यांनी हिशोब केला तर सगळं मिळून साधारण २४०० कॅलरी येतात. म्हणजे एका मोठ्या माणसाची एका दिवसाची गरज, आणि ती पसरली आहे ९ लिटरमध्ये. लिटरभर सूप प्यायलं तर २७० कॅलरी आणि ७-८ ग्रॅम प्रोटीन. पोट टम्म, अंगात काही नाही. सर हेन्री मार्श या डब्लिनच्या डॉक्टरनं तेव्हाच याला आक्षेप घेतला होता, की कष्टकऱ्याला असं पातळ अन्न पुरत नाही.

पण म्हणून सूप वाईट असं म्हणणं अन्याय होईल. त्याच वर्षी सरकारनं गावोगाव अन्नछत्रं काढली. सरकारी नियमात 'सूप'ची व्याख्या अशी, की हंड्यात शिजवलेलं, पातळ वा घट्ट, कोणतंही अन्न. आणि बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्षात मिळायची ती मका-तांदळाची घट्ट खळ. जुलै १८४७मध्ये रोज ३० लाखांहून जास्त लोक त्यावर जगत होते. त्या दुष्काळातला सगळ्यात परिणामकारक उपाय हाच होता, असं बरेच इतिहासकार मानतात. आणि शरदात सरकारनं तो बंद केला. लोक पुन्हा मरायला लागले. म्हणजे प्रश्न सूपचा नव्हताच. त्यात काय आहे, आणि ते उद्याही मिळणार आहे का, हा होता.

हे बरोबर समजलेला एक माणूस आपल्या सगळ्यांच्या घरात आहे, पण आपण त्याला ओळखत नाही. स्वित्झर्लंडचा यूलिउस माग्गी. १८८०च्या दशकात कारखान्यातल्या बायकांना स्वयंपाकाला वेळ नसायचा, मजुरांचं खाणं निकृष्ट झालं होतं. फ्रिडोलिन शूलर या डॉक्टरच्या आग्रहावरून माग्गीनं डाळी-कडधान्यांच्या पिठाची सूपं बाजारात आणली. लीबिगनं डाळ सोडून पाणी विकलं, माग्गीनं पाणी सोडून डाळ विकली! १९८३ साली आपल्याकडे आलेली दोन मिनिटांची 'मॅगी' त्याच नावाची. त्यात डाळ नाही, ही गोष्ट वेगळी.

असो. तर मग सूप जास्त वेळा प्यावं की नाही? विज्ञानाचं म्हणणं पाखडून घेतलं तर सुपात हे उरतं. १९७८ साली मायामीच्या डॉक्टरांनी १५ निरोगी लोकांवर पाहिलं, की गरम चिकन सूपनं नाकातला शेंबूड सरकण्याचा वेग वाढतो. पण अर्ध्या तासात परिणाम संपतो. २००० साली नेब्रास्काच्या डॉ. रेनार्डनी बायकोच्या आजीच्या कृतीचं चिकन सूप प्रयोगशाळेत तपासलं. सर्दीत सूज आणणाऱ्या पांढऱ्या पेशींची हालचाल त्यानं मंदावली. पण ते काचेच्या भांड्यात, माणसात नाही. आणि १९९९ साली बार्बरा रोल्स यांच्या गटानं २४ बायकांना जेवणाआधी चिकन-भाताचा एक पदार्थ दिला. एकदा नुसता, एकदा सोबत पाणी, आणि एकदा तेच पाणी आत घालून केलेलं सूप. सूप प्यायल्यावर पुढचं जेवण सुमारे पाव हिश्शानं कमी झालं. वेगळ्या प्यायलेल्या पाण्यानं तसं झालं नाही.

हा शेवटचा प्रयोग वाचला आणि सगळं एकदम जुळलं. सूपचा गुण एकच आहे. ते थोडक्यात पोट भरतं. माझ्यासारख्या, दिवसभर खुर्चीत बसून चकल्या खाणाऱ्या माणसाला हा फायदा आहे. बाबांसारख्या, खंगलेल्या माणसाला हाच धोका आहे. गुण तोच, माणूस बदलला की औषधाचं विष. म्हणून मी रोज रात्री जेवणाआधी सूप प्यावं, मीठ बेतानं घालून (पाकिटातल्या सूपात मीठ फार असतं, आणि दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते). आणि बाबांनी त्यातला चोथा खावा.

नुसतं पाणी-मीठच औषध असतं असेही प्रसंग येतात. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपासवरून ४ टक्क्यांच्या खाली आणलं. पण तिथे शरीरातून गेलेलं होतं ते पाणी आणि मीठच. जे गेलंय ते भरायचं, साधा हिशोब.

सगळ्यात जास्त खजील झालो ते आपल्याकडचं वाचून. आयुर्वेदात शोधनानंतर पचनशक्ती मंद झालेल्या माणसासाठी 'संसर्जन क्रम' सांगितलाय. आधी पेया, म्हणजे थोडी शितं असलेली पातळ पेज. मग विलेपी, म्हणजे घट्ट पेज. मग यूष, म्हणजे मुगाचं कढण, आधी नुसतं, नंतर तूप-मीठ घालून. मग मांसरस. मग नेहमीचं जेवण. प्रत्येक पायरी किती जेवणं, तेही ठरलेलं. नुसत्या गाळलेल्या पाण्याला वेगळं नाव आहे, मंड. म्हणजे सूप ही पायरी आहे, आणि पायरीवर कुणी बिऱ्हाड करत नाही. मी बाबांना तीन आठवडे मंडावर बसवून ठेवलं होतं. कोकणातल्या माझ्या आजीला हे सगळं संस्कृत न शिकता येत होतं. आजाऱ्याची पेज रोज थोडी थोडी घट्ट कधी व्हायची, ते आम्हाला कळायचंही नाही.

बाईंना भेटून आल्याच्या रात्री गाळणी वर ठेवून दिली. मूगडाळ मूठभरऐवजी वाटीभर घेतली, सगळं घोटलं, वर तूप घातलं. पुढच्या आठवड्यात त्यात मऊ भात आला, मग अंडं आलं. बाबांनी पहिल्या दिवशी चमचा उलटा करून बघितला, कढण चमच्याला धरून राहिलं.

"आज घट्ट झालंय," ते म्हणाले.

"हो, चुकून," मी म्हणालो.

सध्या ते ६१ वर आहेत. गेल्या रविवारी त्यांनी भाकरी मागितली.